‘लाय’ आणि ‘ले’ : इंग्रजी क्रियापदांची ही जोडी मराठीतून शिकवावी

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

गोव्यातील माध्यमिक शाळांत इंग्रजीच्या अनियमित क्रियापदांचा तीन रकान्यांचा तक्ता पाठ करून घेण्याची पद्धत जुनी आहे आणि ती सरसकट टाकाऊ आहे असे मी म्हणणार नाही. ‘गो, वेन्ट, गॉन’ ही रूपे तोंडपाठ असल्याशिवाय कोणाचेच भागत नाही. मात्र त्या तक्त्यात दोन ओळी अशा आहेत, की त्या कितीही घोकल्या तरी हाती काही लागत नाही. ‘लाय, ले, लेन’ ही एक आणि ‘ले, लेड, लेड’ ही दुसरी. मुले या दोन्ही ओळी न अडखळता म्हणून दाखवतात आणि त्याच दिवशीच्या निबंधात ‘आजोबा खाटेवर लेड’ असे लिहून मोकळी होतात. माध्यमिक शाळेत इंग्रजी शिकवण्यात माझी बरीच वर्षे गेली. या काळात माझे असे ठाम मत झाले आहे, की या क्रियापदाची किल्ली तक्त्यात नसून मूल घरून जी भाषा घेऊन येते तिच्यात आहे, आणि आपण मात्र इंग्रजीच्या तासाला नेमकी तीच भाषा वर्गाबाहेर ठेवतो.

प्रथम अर्थ पाहू. ‘लाय’ म्हणजे आडवे होणे, पडून असणे, एखाद्या ठिकाणी असणे. हे अकर्मक क्रियापद आहे. त्याची क्रिया कर्त्यापाशीच संपते. ‘ले’ म्हणजे ठेवणे, घालणे, मांडणे, अंथरणे, रचणे. हे सकर्मक आहे. काय ठेवले, काय घातले या प्रश्नाचे उत्तर वाक्यात असावेच लागते. एवढेच असते तर गोंधळ झाला नसता. पण ‘लाय’चा भूतकाळ ‘ले’ असा होतो, म्हणजे एका क्रियापदाचे भूतकाळाचे रूप आणि दुसऱ्याचे मूळ रूप उच्चारात व लेखनात तंतोतंत एक आहे. अडचणीचे मूळ इथेच आहे, आणि तक्ता ही गोष्ट दाखवतो पण समजावत नाही.

आपल्या किनाऱ्यावरचेच उदाहरण घेतो. मोरजी, मांद्रे, आगोंद आणि गालजीबाग या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले जातीची कासवे हिवाळ्यात रात्रीच्या वेळी येऊन वाळूत खड्डा करतात आणि शंभरच्या आसपास अंडी घालून समुद्रात परत जातात. दीड-दोन महिन्यांनी त्यातून पिल्ले बाहेर येतात. आता मादीने अंडी घातली या वाक्यात इंग्रजीत ‘लेड’ येईल, कारण घालण्याची क्रिया मादीकडून अंड्यांवर झाली. ती अंडी वाळूत पडून राहिली, या वाक्यात मात्र ‘ले’ येईल, कारण अंडी कोणाला काही करत नाहीत, ती नुसती आहेत. आणि वनखात्याच्या माणसांनी पाहिले तेव्हा ती तिथे महिनाभर पडून होती, असे म्हणायचे झाल्यास ‘हॅड लेन’. एकाच घटनेत तिन्ही रूपे आपापल्या जागी येतात. किनारी भागातल्या मुलांना मी हे उदाहरण देत असे तेव्हा ती ते लगेच पकडत, कारण ‘घातली’ आणि ‘पडून राहिली’ यांत काय फरक आहे हे त्यांना कोणी शिकवावे लागत नव्हते.

खाणपट्ट्यातल्या मुलांसाठी उदाहरण शोधायला तर लांब जावेच लागले नाही. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने गोव्यातील खाणी थांबल्या आणि २०१८ मध्ये ८८ लिजांचे नूतनीकरण रद्द झाले. त्या वर्षांत डिचोली, सत्तरी, सांगे या भागांत ‘ले-ऑफ’ हा शब्द घराघरांत पोहोचला. कामगारांना कामावरून कमी केले, यासाठी इंग्रजी वृत्तपत्रे ‘वर लेड ऑफ’ असे छापत आणि तेच बरोबर आहे, कारण कोणीतरी कामगारांना कमी केले, कामगार आपणहून कमी झाले नाहीत. त्याच काळात मांडवी आणि जुवारीच्या पात्रात बार्जेस, म्हणजे खनिज वाहून नेणाऱ्या नौका, नुसत्या उभ्या होत्या. त्यांच्यासाठी शब्द ‘ले आयडल’. बार्जेस ‘लेड आयडल’ असे लिहिणे चूक, आणि कामगार ‘वर लेन ऑफ’ असे लिहिणे त्याहून मोठी चूक. ‘लेन’ हे अकर्मक क्रियापदाचे रूप असल्यामुळे त्याचा कर्मणी प्रयोग होऊच शकत नाही. ‘वॉज’ किंवा ‘वर’च्या मागोमाग ‘लेन’ कधीही येणार नाही, ही गोष्ट विद्यार्थ्याने एकदा मनात पक्की केली तरी निम्म्या चुका टळतात.

आता मुख्य मुद्दा. मराठी भूतकाळात आपण ‘तो पडला’ म्हणतो, पण ‘त्याने आंबा पाडला’ म्हणतो. ‘ती निजली’ म्हणतो, पण ‘तिने बाळाला निजवले’ म्हणतो. सकर्मक क्रियापदाच्या भूतकाळात कर्त्याला ‘ने’ लागतो, अकर्मकाच्या भूतकाळात लागत नाही. हा नियम चार वर्षांचे मूलही चुकत नाही. इंग्रजीत कर्त्यावर अशी कोणतीही खूण उमटत नाही, आणि म्हणूनच इंग्रजी ज्यांची मायबोली आहे त्यांनाही ‘लाय’ व ‘ले’ यांतला भेद शब्द ऐकून कळत नाही. आपल्याला तो कळू शकतो. वाक्य मनात मराठीत म्हणून पाहावे. कर्त्याला ‘ने’ लागला तर इंग्रजीत ‘लेड’, लागला नाही तर ‘ले’. ‘मजुराने विटा रचल्या’ : लेड. ‘विटा अंगणात पडून होत्या’ : ले. ‘आईने पान मांडले’ : लेड. ‘मांजर चुलीजवळ आडवे झाले’ : ले. वाक्य वर्तमानकाळातले किंवा भविष्यकाळातले असेल तर ते क्षणभर भूतकाळात नेऊन हीच चाचणी करावी आणि मग हवे त्या काळात परत आणावे.

या चाचणीला मर्यादा आहेत त्या शिक्षकांनी जाणून घेतल्या पाहिजेत. ‘मी’, ‘तू’, ‘आम्ही’, ‘तुम्ही’ या सर्वनामांना ‘ने’ लागत नाही, त्यामुळे ‘मी पडलो’ आणि ‘मी आंबा पाडला’ यांत कर्ता सारखाच दिसतो; अशा वेळी ‘मी’च्या जागी ‘तो’ घालून पाहावे लागते. शिकणे, विसरणे, बोलणे अशी काही क्रियापदे कर्म असूनही ‘ने’ घेत नाहीत : ‘तो धडा विसरला’. पण ‘लाय’ आणि ‘ले’ यांच्यासाठी आपण जी मराठी क्रियापदे वापरतो त्यांत हा अपवाद येत नाही, म्हणून या जोडीपुरती ही कसोटी भरवशाची आहे. ती कोकणी घरातल्या मुलांनाही तितकीच लागू पडते, कारण कोकणीतही ‘तो पडलो’ आणि ‘ताणें आंबो पाडलो’ असा भेद आहे. गोव्यातल्या वर्गात मराठी आणि कोकणी बोलणारी मुले शेजारी शेजारी बसतात. हे एक उदाहरण दोघांनाही पुरते.

ही समजूत केवळ शिकवण्याच्या सोयीसाठी जुळवलेली नाही. पडणे-पाडणे, मरणे-मारणे, तरणे-तारणे, जळणे-जाळणे, टळणे-टाळणे, तुटणे-तोडणे, फुटणे-फोडणे अशा जोड्यांनी आपली भाषा भरलेली आहे. पहिले क्रियापद घडणे सांगते, दुसरे घडवून आणणे सांगते, आणि दोन्हींत फरक मुख्यतः धातूतल्या स्वराचा असतो. संस्कृतात ‘पतति’ आणि ‘पातयति’ अशी ही जोडी येते. इंग्रजी ज्या कुळातली आहे त्या जर्मानिक भाषांतही प्राचीन काळी धातूचा स्वर बदलून व ‘य’कारयुक्त प्रत्यय लावून अशीच प्रयोजक क्रियापदे बनवली जात. प्रत्यय काळाच्या ओघात गळून गेला, स्वरातला बदल तेवढा उरला. ‘लाय’पासून ‘ले’, ‘सिट’पासून ‘सेट’, ‘फॉल’पासून ‘फेल’ ही त्याच घडणीची उरलेली रूपे आहेत. ‘राइज’ आणि ‘रेज’ यांचे नातेही तेच, फक्त ‘रेज’ स्कँडिनेव्हियाकडून इंग्रजीत आला. जर्मन भाषेने हा भेद अधिक स्वच्छ राखला आहे. तिथे पडून असण्याला ‘लीगेन’ आणि ठेवण्याला ‘लेगेन’ म्हणतात. पहिल्याचा भूतकाळ ‘लाग’ आणि दुसऱ्याचा ‘लेग्टे’, त्यामुळे एकाचे रूप दुसऱ्यावर आदळत नाही. संस्कृतातला ‘अय’ आणि जर्मानिक भाषांतला हा प्रत्यय एकाच मूळ प्रत्ययाचे वंशज आहेत. म्हणजे ‘पडणे-पाडणे’ आणि ‘लाय-ले’ यांतले साम्य वरवरचे नाही, ते रक्ताचे आहे.

गोव्याच्या वाचकांना येथे एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. १५७९ मध्ये गोव्यात आलेले इंग्रज जेझुइट धर्मोपदेशक फादर थॉमस स्टीफन्स यांनी १५८३ साली आपल्या भावाला लिहिलेल्या पत्रात इथल्या भाषांची रचना ग्रीक आणि लॅटिनशी मिळतीजुळती असल्याचे नोंदवले होते. सर विल्यम जोन्स यांनी १७८६ मध्ये कलकत्त्यात संस्कृत, ग्रीक व लॅटिन यांच्या समान उगमाचा विचार मांडला, त्याच्या दोनशे वर्षे आधीची ही नोंद आहे. याच स्टीफन्सनी पुढे कोकणीचे व्याकरण लिहिले आणि मराठीत ओवीबद्ध काव्य रचले. ज्या भूमीत एका इंग्रजाने आपल्या भाषा इतक्या मनापासून शिकून घेतल्या, त्या भूमीतल्या मुलांना इंग्रजी शिकताना मात्र आपल्या भाषेचा आधार घेऊ नका असे सांगावे, याचे मला वाईट वाटते.

‘फॉल’ आणि ‘फेल’ या जोडीचा वर उल्लेख आला. त्यातही हाच सापळा आहे. पडणे या अर्थाच्या ‘फॉल’चा भूतकाळ ‘फेल’, आणि झाड पाडणे या अर्थाचे मूळ क्रियापदही ‘फेल’, त्याचा भूतकाळ ‘फेल्ड’. वादळात झाड पडले तर ‘फेल’, परवानगी घेऊन कोणी झाड पाडले तर ‘फेल्ड’. गोव्यात १९८४ चा वृक्ष संरक्षण कायदा आहे आणि झाड तोडण्याच्या परवानगीसाठी अर्ज करणाऱ्या प्रत्येकाला ‘फेलिंग’ हा शब्द भेटतो, तेव्हा ही जोडीही ओळखीची असायला हरकत नाही.

मराठीचा आधार घेताना एक काळजी घ्यावी लागते. इंग्रजीत जिथे एकटे ‘ले’ काम भागवते तिथे मराठीत निरनिराळी क्रियापदे येतात. अंडी घालतात, पान मांडतात, विटा रचतात, सतरंजी अंथरतात, जलवाहिनी टाकतात, सापळा लावतात, कोनशिला बसवतात. विद्यार्थी यांपैकी प्रत्येकासाठी वेगळा इंग्रजी शब्द शोधू लागतो आणि मिळेल तो वापरतो. उलट ‘लाय’साठी मराठीत बहुतेक वेळा नुसते ‘आहे’ पुरते. त्यामुळे आपली मुले ‘लाय’ चुकीचे वापरतात असे म्हणण्यापेक्षा ती ते वापरतच नाहीत असे म्हणणे अधिक खरे ठरेल. ‘पुस्तक टेबलावर ठेवलेले आहे’ हे मनात म्हणून ती ‘इज केप्ट’ लिहितात. ‘पणजी मांडवीच्या डाव्या तीरावर वसली आहे’ यासाठी ‘इज सिच्युएटेड’ लिहितात. दुसरे वाक्य चूक नाही, पण ‘पणजी लाइज’ हे अधिक साधे आणि अधिक इंग्रजी आहे. खेळपट्टीवर पडलेली बॅट, रस्त्यात आडवी झालेली गुरे, दोन राज्यांच्या मधोमध असलेला गोवा, या सर्वांसाठी ‘लाय’ चालते हे मुलांना मुद्दाम सांगावे लागते.

जुने गोवे येथील बासिलिका ऑफ बॉम जेजसमध्ये संत फ्रान्सिस झेवियर यांचे अवशेष सतराव्या शतकापासून आहेत. ‘लेन’ हे रूप रोजच्या बोलण्यात क्वचितच भेटते, पण इथे त्याला पर्याय नाही : ते अवशेष तिथे शतकानुशतके ‘हॅव लेन’, आणि ज्यांनी ते तिथे ठेवले त्यांनी ते ‘लेड’. आपल्या जुन्या चर्चमधल्या पोर्तुगीज थडग्यांवर ‘आकी जाझ’ अशी अक्षरे दिसतात. पुढच्या काळातल्या इंग्रजी थडग्यांवर त्याच जागी ‘हिअर लाइज’ येते. दोन्हींचा अर्थ ‘येथे विसावला आहे’ असाच.

कायद्याच्या इंग्रजीत ‘लाय’चा एक अर्थ असा आहे की तो माहीत नसल्यास सुशिक्षित माणूसही बुचकळ्यात पडतो. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ९६ मध्ये हुकूमनाम्यावर अपील ‘शॅल लाय’ असे म्हटले आहे. त्याचा अर्थ अपील दाखल करता येते, अपील चालते, एवढाच आहे. एका पक्षकाराने हे वाक्य वाचून ‘अपील खोटे ठरेल’ असा अर्थ लावून धास्ती घेतल्याचे मी पाहिले आहे. विधानसभेत कागदपत्रे पटलावर ठेवली जातात तेव्हा ती ‘लेड ऑन द टेबल’ असतात, आणि ठेवल्यानंतर ती तिथे ‘लाय’ करतात. जबाबदारी, दोष, अडचण यांसाठीही हेच क्रियापद येते : दोष अमक्याकडे ‘लाइज’.

खोटे बोलणे या अर्थाचे ‘लाय’ हे मुळात निराळ्याच धातूचे क्रियापद आहे आणि त्याचा वरील जोडीशी संबंध नाही. जुन्या इंग्रजीत तेही अनियमित होते आणि जर्मनमध्ये अजून आहे, पण आजच्या इंग्रजीत त्याची रूपे सरळ आहेत : लाय, लाइड, लाइड. ‘तो दिवसभर अंथरुणात लाइड’ असे लिहिल्यास तो अंथरुणात पडून दिवसभर खोटे बोलत होता असा अर्थ होतो. दोन्हींचे चालू काळाचे रूप ‘लाइंग’च आहे, तिथे संदर्भानेच अर्थ घ्यावा लागतो. ‘ले’चे चालू रूप ‘लेइंग’. मी बिछान्यावर ‘लेइंग’ होतो असे कोणी लिहू नये. आणि ‘लेड’चे स्पेलिंग एल-ए-आय-डी असे आहे, ‘पेड’ आणि ‘सेड’ यांच्याप्रमाणेच. वाय कायम ठेवून पुढे ई-डी लावलेले रूप मी छापील निमंत्रणपत्रिकांवर आणि पायाभरणीच्या फलकांवरही पाहिले आहे. दगडावर कोरलेली चूक पुसता येत नाही, तेव्हा असा मजकूर कोरण्यापूर्वी जाणकाराला दाखवण्याचे कष्ट संबंधितांनी घ्यावेत.

कर्म न येताही ‘ले’ चालते असा एक प्रयोग आहे. कोंबड्या चांगल्या ‘लेइंग’ आहेत असे म्हटले तर अंडी हे कर्म न बोलता समजून घेतलेले असते. कुक्कुटपालन करणाऱ्यांना हा प्रयोग माहीत आहेच.

यावर एक आक्षेप येतो आणि तो विचार करण्यासारखा आहे. इंग्लंड-अमेरिकेतले लोकच सर्रास ‘ले डाउन’ म्हणतात, गाण्यांत आणि मालिकांत तेच ऐकू येते, मग आपल्या मुलांना इतके काटेकोर का करावे? ‘लाय’च्या जागी ‘ले’ वापरण्याची सवय इंग्रजीत खरोखरच कित्येक शतकांची आहे. जे आपली भाषा आपल्या घरात बोलतात त्यांच्या बोलण्याला चूक म्हणण्याचा अधिकार मी घेत नाही. पण शब्दकोश हा वापर प्रमाणेतर म्हणून नोंदवतात, आणि आपली मुले इंग्रजी वापरतात ती मुख्यतः परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत, नोकरीच्या अर्जात, कार्यालयातील टिपणीत आणि न्यायालयातील कागदात. तिथे प्रमाण रूपच चालते. बोलीतली मोकळीक ही घरच्या माणसाला सहज मिळते. बाहेरून आलेल्याने तीच रूपे वापरली की लोक ते अज्ञान समजतात. हा न्याय नव्हे, पण वस्तुस्थिती आहे आणि मुलांना तिच्यासाठी तयार करणे शिक्षकाचे काम आहे.

गोव्यात मोठ्या संख्येने मुले चौथीपर्यंत मराठीतून किंवा कोकणीतून शिकतात आणि पाचवीत एकदम इंग्रजी माध्यमात जातात. त्या वयात त्यांची मायबोलीची जाण पक्की झालेली असते. नेमक्या त्या वेळी काही ठिकाणी वर्गात मराठी शब्द उच्चारण्यालाही मनाई केली जाते. प्राथमिक शिक्षणाच्या माध्यमाचा वाद गोव्याने पुष्कळ पाहिला आहे आणि तो मला येथे उकरून काढायचा नाही. माझे म्हणणे इंग्रजीच्या तासापुरते आहे. इंग्रजी उत्तम यावी असे ज्यांना मनापासून वाटते त्यांनीच मुलाला ‘तो’ आणि ‘त्याने’ यांतला भेद आठवू द्यावा.

शिक्षकांना आणि पाठ्यपुस्तके तयार करणाऱ्यांना माझी विनंती अशी आहे, की अनियमित क्रियापदांच्या तक्त्यात ‘लाय’ आणि ‘ले’ वर्णानुक्रमाने एकाखाली एक छापू नयेत. एका बाजूला लाय, सिट, राइज, फॉल आणि त्यांच्यासमोर ले, सेट, रेज, फेल अशी मांडणी करावी, आणि प्रत्येक जोडीखाली पडणे-पाडणे, बसणे-बसवणे, उठणे-उठवणे अशी मराठी किंवा कोकणी जोडी द्यावी. मराठीच्या शिक्षकांनी प्रयोजक क्रियापदांचा धडा ज्या सत्रात घ्यायचा त्याच सत्रात इंग्रजीच्या शिक्षकांनी हा भाग घ्यावा. एकाच शाळेतल्या दोन शिक्षकांनी वेळापत्रक समोर ठेवून एवढे ठरवायला कोणत्याही परिपत्रकाची गरज नाही.

कळावे,

आपला नम्र,
एक निवृत्त इंग्रजी शिक्षक,
डिचोली, गोवा